प्लॉटवरचं मोठं झाड आणि नवं घर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न महाराष्ट्रात स्वतःच्या जागेवर बंगला किंवा लहान घर बांधणारे लोक नेहमी विचारतात. बहुतेक जण ते विचारतात तेव्हा नकाशा मंजूर झालेला असतो, भूमिपूजनाची तारीख ठरलेली असते आणि जेसीबीवाला उद्या येणार असतो. खरं तर झाडाचा विषय पहिल्या रेखाटनाच्या आधी निघायला हवा. पुढच्या निम्म्या अडचणी त्यानेच टळतात.

जमीन माझी, झाड माझ्या आजोबांनी लावलेलं. मग परवानगी कशाला?

मालकी तुमचीच आहे, त्यावर कुणी हरकत घेत नाही. जमीन महसूल संहितेप्रमाणे खातेदाराच्या जमिनीतल्या झाडांवर साधारणपणे त्याचाच हक्क असतो. पण झाड आपलं असणं वेगळं आणि ते तोडायची मुभा असणं वेगळं. पुरुषभर उंचीची भिंत उभारायलाही परवानगी काढणारे लोक साठ वर्षांच्या चिंचेला मात्र घरचा मामला समजतात.

आमच्या जागेला नेमका कोणता कायदा लागू होतो?

ढोबळ विभागणी अशी. महानगरपालिका, नगरपरिषद आणि नियोजन प्राधिकरणांच्या नागरी हद्दीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो. त्यात झाडाची जात पाहिली जात नाही. आंब्याला जो नियम, तोच गुलमोहराला आणि सुबाभळीला.

ग्रामीण भागात महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ पाहायचा. तो ठरावीक जातींपुरता आहे. साग, चंदन, खैर, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, ऐन, किंजळ, हळदू, बिबळा, तिवस, अंजन आणि खारफुटी ही ती यादी. म्हणजे गावठाणालगतच्या प्लॉटमध्ये जी मोठी झाडं हमखास असतात, आंबा, चिंच, जांभूळ, ती यादीत आहेतच.

याशिवाय काही भागांना वेगळे निर्बंध आहेत. माथेरान आणि महाबळेश्वर-पाचगणी हे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील परिसर आहेत, आणि सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीवर उच्च न्यायालयाचे आदेश आहेत. जमिनीचे खातेदार आदिवासी असतील तर त्यांच्या झाडांच्या विक्रीसाठी १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे आणि प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. गोव्यात घर बांधत असाल तर तिथला १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा. त्यातून २०१६ साली माडाला ‘झाड’ या व्याख्येतूनच वगळलं होतं. त्यावर एवढा गदारोळ झाला की पुढे माडाला परत आत घ्यावं लागलं. तेव्हा ‘नारळाला काही लागत नाही’ असं कुणी सांगितलं तर ते जुनं ज्ञान आहे असं समजा.

सरपंच म्हणतात, ग्रामपंचायतीचा दाखला देतो, तेवढा पुरे. खरं का?

नाही. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला अर्जाला जोडायला उपयोगी पडतो. यादीतल्या झाडाची तोडपरवानगी मात्र कायद्याने नेमलेल्या वृक्ष अधिकाऱ्याकडूनच मिळते. सुरुवात तालुक्याच्या वनपरिक्षेत्र कार्यालयातून करा. तुमच्या जातीच्या झाडासाठी, तुमच्या गावात, अर्ज कुणाच्या टेबलावर जातो ते तिथे दहा मिनिटांत कळतं.

शहरात अर्ज कुठे करायचा? कागद कोणते लागतात?

पालिकेच्या उद्यान किंवा वृक्ष विभागात. मोठ्या महापालिकांमध्ये हे आता ऑनलाइन होतं. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, झाडांचे फोटो, झाड का काढायचं त्याचं कारण आणि बांधकामाचा नकाशा द्यावा लागतो. नकाशावर प्रत्येक झाडाची जागा दाखवलेली हवी, आणि त्यात जे राहणार आहे तेही धरायचं. इथेच गडबड होते. सर्व्हेअर हद्दीचे दगड मोजतो, विहीर दाखवतो, विजेचा खांब दाखवतो आणि झाड सोडून देतो. मोजणीच्या दिवशीच त्याला सांगा की चार-पाच इंच जाडीच्या वरचं प्रत्येक झाड, त्याचा छातीच्या उंचीवरचा घेर आणि फांद्यांचा पसारा नकाशावर आला पाहिजे. छातीची उंची म्हणजे जमिनीपासून साधारण साडेचार फूट.

एकापेक्षा जास्त नावं सातबाऱ्यावर असतील तर सगळ्यांचं संमतीपत्र आधी गोळा करा. कोकणात हे विशेष. जमीन एका भावाच्या कब्जात, आंब्याची कलमं दुसऱ्याची, आणि फणसावर मुंबईतल्या चुलत्यांचा हक्क, असे प्रकार तिथे नवे नाहीत. चुलते एरवी वर्षानुवर्षं फिरकत नाहीत, पण झाडावर कुऱ्हाड पडली की दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन येतो.

परवानगी यायला किती वेळ लागतो?

नागरी कायद्यात अर्जानंतर पाहणी होते, वर्तमानपत्रात आणि त्या झाडावर नोटीस लागते आणि हरकतींसाठी सात दिवस दिले जातात. मग विषय वृक्ष प्राधिकरणापुढे, म्हणजे झाडांबाबत निर्णय घेणाऱ्या समितीपुढे जातो. प्राधिकरणाची बैठक कधी होते यावर बाकी सगळं अवलंबून. आर्किटेक्टला दोन-तीन महिने हिशेबात धरायला सांगा, आणि परवानगीच्या पत्रात तोड केव्हापासून करता येईल याची अट असेल ती वाचल्याशिवाय मजुरांना बोलावू नका. झाडावर लावलेली नोटीस काढून टाकायची नाही, हेही सांगायला लागतं.

एका झाडाच्या बदल्यात किती झाडं लावावी लागतात?

२०२१ च्या दुरुस्तीपासून नागरी भागात हिशेब झाडाच्या वयावर आला. तोडलेल्या झाडाचं वय जितकं, तितकी नवी झाडं. तीही बोटभर रोपं नव्हेत, सहा ते आठ फूट उंचीची. त्यांचं जिओ-टॅगिंग करायचं, म्हणजे प्रत्येकाची नेमकी जागा डिजिटल नकाशावर नोंदवायची, आणि सात वर्षं ती जगवायची. जागाच नसेल तर झाडाच्या मूल्यांकनाप्रमाणे रक्कम भरायचा पर्याय आहे. पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांचं झाड ‘वारसा वृक्ष’ ठरतं आणि त्याची छाननी जास्त कडक असते.

चाळीस वर्षांचा आंबा म्हणजे चाळीस झाडं. तीन गुंठ्यांच्या मालकाने ती कुठे लावायची? हा प्रश्न रास्त आहे. पण माझं मत विचाराल तर हा आकडा उपयोगी आहे, कारण त्यामुळेच लोक पहिल्यांदा आर्किटेक्टला विचारतात, ‘अहो, झाड ठेवून काही जमेल का?’

मग, झाड ठेवून जमतं का?

पुष्कळदा जमतं. पण हिशेब प्रामाणिकपणे करायला हवा.

झाडाची मुळं खोलवर उलट्या झाडासारखी गेलेली असतात हा समज चुकीचा आहे. बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फूट मातीतच असतात आणि फांद्यांच्या सावलीच्याही बाहेर पसरतात. किती भाग खणायचा नाही यासाठी एक अडाखा वापरतात : खोडाच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचं वर्तुळ. समजा घेर १५७ सेंटिमीटर आहे. त्याला ३.१४ ने भागलं की व्यास ५० सेंटिमीटर, आणि बारापट म्हणजे सहा मीटर. सहा मीटर त्रिज्येचं वर्तुळ सुमारे १,२१७ चौरस फूट भरतं. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा. म्हणजे तीन गुंठ्यांच्या प्लॉटच्या मधोमध असं झाड असेल तर ते एक गुंठ्याहून अधिक जागा मागतंय, आणि तिथे दोन मजली घर बसवणं अवघडच.

पण झाडं सहसा मधोमध नसतात. बांधाकडेला, कोपऱ्यात, जुन्या गोठ्यामागे असतात. वर्तुळाचा मोठा भाग मग रस्त्यावर, सामासिक अंतरात (हद्द आणि घर यांच्यामधल्या जागेत) किंवा शेजारच्या मोकळ्या जागेत जातो. सामासिक अंतर नियमाने मोकळं सोडायचंच असतं, ते झाडाच्या बाजूला येईल अशी घराची मांडणी करायची. पार्किंग त्या बाजूला नको, कारण गाडीच्या वजनाने माती दबते आणि फरशीने पाणी अडतं. सेप्टिक टँक, भूमिगत टाकी आणि ड्रेनेजची लाइन विरुद्ध बाजूला घ्यायची. एखादाच कॉलम वर्तुळात येत असेल तर तिथला सलग पाया टाळून पाइल (जमिनीत खोल उतरवलेला काँक्रीटचा खांब) आणि वरून प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीवरची तुळई) करता येतो. त्याचा खर्च स्ट्रक्चरल इंजिनियरकडून काढून घ्या आणि मग झाड काढण्याच्या सगळ्या खर्चाशी ताडून पाहा. त्यात तोडणी, बुंधा उपटणं, खड्डा भरणं, भरपाईची झाडं आणि उशीर, सगळं धरा.

२०२० साली सांगली जिल्ह्यात मिरज तालुक्यातल्या भोसे गावाजवळ रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या वाटेत एक शेकडो वर्षांचा वड येत होता. लोकांनी आवाज उठवला आणि रस्त्याची आखणी बदलली. महामार्ग सरकतो तर आपली पूर्वेकडची बेडरूम चार फूट सरकायला हरकत नसावी.

उलट बाजूही सांगतो. गुलमोहर वयस्कर झाला की पोकळ होतो आणि फांद्या ठिसूळ असतात. वड-पिंपळ भिंतीपासून दहा फुटांवर ठेवून घर बांधणं म्हणजे पुढच्या पिढीला भेगा वारशात देणं. खोडावर अळंबी उगवली असेल, एका बाजूची माती उचलल्यासारखी दिसत असेल किंवा खोडावर काठी मारल्यावर पोकळ आवाज येत असेल तर ते झाड हट्टाने ठेवू नका.

झाड उचलून दुसरीकडे लावता येईल?

पुनर्रोपण जातीवर अवलंबून आहे. वड, पिंपळ, उंबर आणि ताडमाड वर्गातली झाडं हलवलेली सोसतात. जुना आंबा किंवा चिंच बहुधा सोसत नाही. करायचंच तर काही आठवडे आधीपासून एकेका बाजूने मुळं छाटत जायचं, मातीचा गोळा गोणपाटात बांधायचा, फांद्या कमी करायच्या आणि मग क्रेन आणायची. पुढची दोन वर्षं पाणी कोण घालणार ते आधी ठरवा. जेसीबीने उपटून त्याच दिवशी दुसऱ्या खड्ड्यात उभं केलेलं झाड केवळ फोटोपुरतं जगतं.

आमची जमीन काळी आहे. झाड काढल्यावर पायाला काही त्रास होतो का?

होतो, आणि या विषयावर साइटवर फारच कमी बोललं जातं.

काळी माती ओली झाली की फुगते आणि सुकली की आकसते. उन्हाळ्यात जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच कारणाने. मोठं झाड वर्षानुवर्षं खालचं पाणी ओढत असतं, त्यामुळे त्याच्याभोवतीची माती इतर जागेपेक्षा कोरडी आणि आकसलेली राहते. झाड गेलं की ओढणारं कुणी उरत नाही. तिथे ओल परत येते आणि माती हळूहळू वर उचलली जाते. त्या जागेवर लगेच पाया घातला तर घराचा एक कोपरा उचलला जातो, बाकीचं घर जागच्या जागी राहतं आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा निघतात. ठेकेदार मग ‘प्लास्टर सुकल्याच्या भेगा आहेत’ म्हणून पुट्टी भरून देतो.

उपाय दोन. जमलं तर झाड काढल्यावर निदान एक पावसाळा जाऊ द्या. आणि पाया कशावर टेकतोय ते पाहा. काळ्या मातीचा थर चार-पाच फुटांचा असेल तर तो पूर्ण काढून कडक मुरुमापर्यंत जाणं सर्वात सरळ. थर खोल असेल तर खाली फुगवटा असलेले अंडर-रीम्ड पाइल वापरतात. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ही पद्धत काळ्या मातीसाठीच पुढे आणली. मातीची चाचणी करून घ्या, आणि मातीचा नमुना काढायचं एक बोअर झाडाच्या जागी, एक लांब, असे घ्यायला सांगा. दोन्हीतल्या ओलाव्याचा फरक इंजिनियरला बरंच काही सांगतो.

मुरमाड जमीन, कातळ किंवा कोकणातला जांभा असेल तर ही काळजी फारशी नाही.

झाड तोडलं, बुंधा जमिनीतच राहू दिला तर?

घराखाली येत असेल तर अजिबात नको. पाच-सात वर्षांत तो कुजतो, आत पोकळी होते आणि वरची फरशी बसते. त्याआधी वाळवी येते. वाळवीप्रतिबंधक फवारणी करायची म्हणून मुळं सोडून द्यायची, हा उलटा व्यवहार आहे. फवारणीच्या आधी खड्ड्यातलं लाकूड, मुळ्या, सेंटरिंगच्या फळ्यांचे तुकडे, सगळं बाहेर काढायचं असतं. मुळी अंगठ्याहून जाड आहे तोवर तिचा माग घ्या. घर जिथे येत नाही तिथला बुंधा राहिला तरी चालतो, पण पिंपळ, निलगिरी, सुबाभूळ यांना धुमारे फुटतात आणि पहिल्या पावसानंतर पुन्हा तेच काम.

खड्डा भरताना खणलेलीच माती लोटू नका. मुरूम घ्या, सहा-आठ इंचांचा थर, पाणी, मग दुरमुस किंवा प्लेट व्हायब्रेटर, मग पुढचा थर. कॉलम खड्ड्यावर येत असेल तर भरावावर टेकवायचा नाही, खालच्या न हललेल्या जमिनीपर्यंत न्यायचा.

जेसीबीने ढकलून पाडलं तर स्वस्त पडतं ना?

मोकळ्या रानात स्वस्त पडतं. प्लॉटिंगमध्ये उभं झाड ढकललं की ते कुठे पडेल हे ड्रायव्हरलाही ठाऊक नसतं, आणि मुळांबरोबर शेजाऱ्याची कुंपणभिंत, नळाची लाइन आणि केबल वर येते. वरून फांद्या दोराने उतरवत, खोड तुकड्यांनी कापत यायचं. शेवटी चार-पाच फुटांचा बुंधा उभा ठेवायचा. तो कशासाठी? मशीनला तरफ मिळते आणि बुंधा मुळांसकट निघतो. जमिनीसरशी कापलेला बुंधा काढायला दुप्पट तास लागतात, आणि मशीनचं बिल तासावर असतं.

विजेची तार जवळ असेल तर महावितरणकडून शटडाऊन घ्या, म्हणजे तेवढा वेळ वीज बंद करून घ्या. १९१२ या क्रमांकावर चौकशी होते. ‘तार लांब आहे, साहेब’ या वाक्यावर विश्वास ठेवू नका. ओली फांदी आणि ओला दोर दोन्हीतून वीज जाते.

कोणत्या महिन्यात तोडावं?

दिवाळीनंतर ते होळीच्या आसपास बरं. जमीन कोरडी, वारा कमी, बुंध्यावर पाय घसरत नाही. चैत्रापासून कावळे आणि इतर पक्ष्यांची घरटी वाढतात. घरट्यात अंडी किंवा पिल्लं असतील तर ती उडेपर्यंत थांबा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पक्ष्यांची अंडी आणि घरटी नष्ट करण्यालाही प्रतिबंध आहे. आग्या मोहोळ असेल तर आधी माहीतगार माणसाकडून ते काढून घ्या. वर चढलेल्या माणसाला तिथून पळता येत नाही.

ठेकेदार म्हणतो, लाकूड मला द्या, मजुरी नको. हा सौदा बरा का?

झाड कोणतं त्यावर. गुलमोहर किंवा सुबाभूळ असेल तर खुशाल द्या, ते जळणच आहे. साग, फणस, शिवण किंवा जुना आंबा असेल तर आधी मोजा. वखारीत गोल लाकडाचा हिशेब असा करतात : मधला घेर इंचात घ्यायचा, त्याचा चौथा भाग काढून वर्ग करायचा, फुटातल्या लांबीने गुणायचं आणि १४४ ने भागायचं. साठ इंच घेर, दहा फूट लांबी असेल तर १५ गुणिले १५ गुणिले १०, भागिले १४४, म्हणजे साधारण साडेपंधरा घनफूट. या पद्धतीत खरं लाकूड मापापेक्षा जास्त असतं, कारण ती प्रत्यक्ष घनफळाच्या ७८ टक्क्यांच्या आसपास उत्तर देते. हे वखारवाल्याला पक्कं माहीत असतं.

लाकूड प्लॉटबाहेर नेताना वाहतूक परवाना लागतो का, ते तोडपरवानगी घेतानाच विचारा. ट्रक नाक्यावर अडवला की ठेकेदार तुमचंच नाव सांगतो. आणि वर चढणाऱ्या मजुरांचा विमा आहे का, हे तोंडी नव्हे, कागदावर पाहा.

त्याच लाकडाची घराची दारं करता येतील?

करता येतील, पण घाई नको. ओल्या लाकडाचं दार पहिल्याच उन्हाळ्यात वाकतं. फळ्या कापून, मध्ये पट्ट्या ठेवून, सावलीत हवेशीर रचायच्या. जाडीच्या दर इंचाला साधारण एक वर्ष, असा सुतारांचा अंदाज. फणसाच्या लाकडाची दारं कोकणात अजून उभी आहेत. कडुनिंबाला कीड कमी लागते. आंब्याच्या फळ्या सेंटरिंगला आणि हलक्या फर्निचरला बऱ्या. चिंच एवढी चिवट की तिचे ओंडके खाटकाच्या दुकानात जातात. निदान देवघराचा पाट किंवा झोपाळ्याची फळी तरी त्या झाडाची असावी, असं घरातल्या वडीलधाऱ्यांना वाटतं. त्यासाठी दोन चांगल्या फळ्या ठेकेदाराच्या टेंपोत चढण्याआधी बाजूला काढा.

झाड बरोबर हद्दीवर आहे. शेजारी ‘नाही’ म्हणतो.

मग थांबा. आधी सरकारी मोजणी, मग लेखी संमती. परस्पर तोडलेल्या बांधावरच्या झाडावरून उभे राहिलेले दावे घर जुनं झालं तरी संपत नाहीत.

मजूर वड तोडायला तयार नाहीत. काय करावं?

त्यांच्यावर चिडू नका. वड, पिंपळ, उंबर तोडायला पुष्कळ जण नकार देतात, आणि जे तयार होतात तेही आधी नारळ फोडून, हळद-कुंकू वाहून, झाडाची माफी मागून मगच कुऱ्हाड लावतात. ती पूजा करू द्या. वटपौर्णिमेला त्या वडाला आळीतल्या बायका सूत गुंडाळत असतील तर त्यांच्याशीही आधी बोला. हरकतीच्या सात दिवसांत त्या कार्यालयात गेल्या तर बोलणं जास्त अवघड होतं.

कुणीतरी सुचवलं, बुंध्याला भोक पाडून हिंग किंवा ॲसिड भरा. वाळलं की परवानगी सहज मिळेल.

हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो दोन्ही बाजूंनी वाईट आहे. १९७५ च्या कायद्यात ‘झाड तोडणे’ यात जाळणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं. पाहणीला येणाऱ्या माणसाला भोकं ओळखता येतात. शिवाय उभं वाळलेलं झाड सर्वात धोक्याचं. त्याच्या फांद्या वजन घेत नाहीत, म्हणून चांगला चढणारा त्यावर चढायलाच नकार देतो. मग क्रेन लागते.

झाड खरंच धोकादायक झालं असेल, कलंडलं असेल, तर तारीख दिसेल असे फोटो काढा आणि उद्यान विभागाला लेखी कळवा. रस्त्यावर किंवा घरावर पडायच्या बेतात असेल तर १०१ वर अग्निशमन दलाला.

घर झाल्यावर नवं झाड कोणतं आणि कुठे लावू?

घराच्या भिंतीपासून आणि सेप्टिक टँकपासून जितकं लांब जमेल तितकं. लहान प्लॉटमध्ये कढीपत्ता, पारिजातक, शेवगा, सीताफळ, कागदी लिंबू चालतात. पश्चिमेच्या बाजूला बहावा किंवा कांचन लावलात तर दुपारच्या उन्हाला अडसर मिळतो. उंबर-पिंपळ लावू नका. ते तसेही पाण्याच्या टाकीखाली आपोआप उगवतात, आणि बोटभर असतानाच काढावे लागतात.